महालक्ष्मीपुढला पाळणा

दस्तगीर अमीन निजामाच्या पोलिसांत उभी हयात घालवून नांदेडला इतवाऱ्यात राहायला आले. अमीन म्हणजे आताचा फौजदार. चोर धरण्यात त्यांचं नाव पार परभणीपर्यंत होतं, पण नोकरी सुटल्यावर ते मोडकी खेळणी जमवू लागले. चावीची आगगाडी, निर्मळ गावचा रंगीत लाकडी पोपट, मुंडकं उडालेला शिपाई, गल्लीत जे मोडेल ते त्यांच्याकडे जायचं आणि डिंक-रंग लागून फडताळात उभं राहायचं. लोक म्हणायचे, अमीनसाहेबांनी आता बाहुल्यांना कोठडीत टाकलं. हसू द्या मेल्यांना. डोकं ठिकाणावर असलेला त्या गल्लीत तेवढा एकच माणूस होता. मी त्यांच्या समोरच्या घरात सून म्हणून आले, म्हणून सांगते.

त्यांच्या शेजारी मार्तंडराव वकिलांचं घर. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या, आणि त्यांच्या आई गोदावरीबाई देव्यांपुढे खेळण्यांची आरास मांडायच्या. चांदीचे हत्ती, मुंबईची पत्र्याची मोटार, निर्मळचा चिमुकला लाकडी पाळणा. त्या वर्षी हळदीकुंकू झालं आणि दुसऱ्या दिवशी पाळणा दिसेना. वकिलांनी एका दमात सांगून टाकलं, चांदबीनं नेला. चांदबी टोपली घेऊन घरोघर बांगड्या भरायची. आदल्या दिवशी ती वकिलांच्या घरी येऊन गेली होती, एवढाच काय तो पुरावा. कोर्टात काळा डगला घालून उभा राहणारा माणूस हा. आणि गल्लीतल्या बायका तरी काय, वर्षानुवर्षं तिच्यापुढे हात धरलेले, पण चांदबी दिसली की दारं लावून घेऊ लागल्या. आमच्या सासूबाईही त्यातच. चांदबीच्या लेकीची मुदखेडला सोयरीक ठरली होती. चोरणीची पोरगी नको, असा तिकडून निरोप आला.

अमीनसाहेब काठी टेकत वकिलांच्या ओसरीवर गेले. आमच्या दारात सगळं ऐकू येत होतं. पाळणा कुठं मांडला होता, त्यांनी विचारलं. माजघरात, देव्यांच्या पायाशी. बांगड्या कुठं भरल्या? ओसरीवर.

"वकीलसाहेब, चांदबीला तुम्ही कधी उंबऱ्याच्या आत घेतलंय?"

वकील तणतणत आत निघून गेले. जिला जन्मात आत येऊ दिलं नाही, तिच्यावर आतली चोरी घालताना एकालाही लाज वाटली नव्हती. आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

चांदीचे हत्ती सोडून लाकूड कोण नेतं, हे अमीनसाहेबांना त्यांच्या बायकोनं, बेगमबींनी, घरीच सांगितलं होतं. आमच्याकडे बायका मानायच्या, की मूल होत नसेल तर महालक्ष्मीपुढलं खेळणं गुपचूप उचलावं आणि मूल झालं की परत आणून ठेवावं. बोभाटा झाला की फळ गेलं. वकिलांची बहीण लता तेव्हा लातूरहून माहेरी आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि सासरी दुसरी बायको बघणं चाललं होतं.

अमीनसाहेब ओसरीवर आलेल्या गोदावरीबाईंना हळू म्हणाले, तरी मला ऐकू आलं, "बाई, रात्री देव्यांपाशी तुम्हीच निजता. पाळणा कुणी उचलला ते तुम्ही डोळ्यानं बघितलं हाय. नाव कुणाचं घेऊ नका. चांदबीनं नेला न्हाई, एवढं चार बायकांत सांगा."

"मग कुणी नेला म्हणून विचारतील. माझ्या लेकीचा संसार मोडून राहिला, अमीनसाहेब."

"आन् चांदबीच्या लेकीचा?"

 डोळ्यांनी पाहिलेलं पोटात ठेवून ही बाई देवीची आरती म्हणत होती.

लता दाराआड उभी होती. ती आत गेली आणि पाळणा घेऊन बाहेर आली, पदराखाली न झाकता. आई आडवी आली, फळ जाईल म्हणाली. लता तशीच भर दुपारी चांदबीच्या गल्लीत गेली आणि तिच्या दारात, जमलेल्या बायकांपुढे म्हणाली, "पाळणा मी उचलला होता. चांदबीला नावं ठेवायची ती मला ठेवा." अमीनसाहेब काठी टेकत तिच्या मागं उभे होते.

मुदखेडची सोयरीक पुन्हा जुळली. गोदावरीबाईंनी अमीनसाहेबांशी बोलणं टाकलं ते कायमचं. वकिलांनी चांदबीची माफी मागितली नाही, आणि चांदबी त्यांची ओसरी पुन्हा चढली नाही.

ही गोष्ट मी ज्याला सांगते तो आधी हेच विचारतो, लताला पुढे मूल झालं का. मी सांगत नाही. चांदबीनं खरंच चोरी केली का, हे तेव्हा कुणी विचारलं होतं?