नंबर नसलेली आठ पानं

पडदा कागदाला कधीही न्याय देऊ शकत नाही. हे वाक्य मी आजवर चार परिसंवादांत उच्चारलं आहे, त्यांपैकी दोनदा अध्यक्ष म्हणून, आणि दर वेळी टाळ्या पडल्या आहेत. तिसऱ्या परिसंवादात ज्या चित्रपटाविषयी मी ते म्हणालो, तो मी पाहिला नव्हता. शेजारच्या वक्त्याने मूळ पुस्तक वाचलं नव्हतं, त्यामुळे चर्चा समतोल झाली.

पुण्यात कोणत्याही विषयावर अधिकाराने बोलायला एक पुस्तक पुरतं. माझं ते आहे, तेही अर्धंच. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक विज्ञानकथा लिहिली आणि तिची चित्रकादंबरी झाली. झाली म्हणजे एका बाईंनी ती केली. आम्ही दोघं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांवर काम करायचो. मी धडे लिहायचो, त्या बेडकाची पचनसंस्था काढायच्या. त्यांचा बेडूक माझ्या धड्यापेक्षा चांगला असायचा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि त्या ते बोलूनही दाखवायच्या.

गोष्ट साधी होती. मंगळावर एक वसाहत आहे. तिथे प्राणवायू नळाने येतो, सकाळी दोन तास. गुरुवारी देखभालीसाठी बंद, म्हणून लोक बुधवारीच भरून ठेवतात. एक माणूस दारोदार हिंडून प्राणवायूच्या मीटरचं रीडिंग घेतो. शेवटच्या घरी एक म्हातारी एकटी राहते. तो येतो, बेल दाबतो, थांबतो. मीटरचा काटा हललेला नाही. मग दार उघडतं, म्हातारी त्याच्याकडे बघते, आणि तो वही मिटतो. बस.

या शेवटासाठी मी दोन पानांचा मजकूर लिहिला होता. बाईंनी तो वाचला, घडी घालून परत दिला. म्हणाल्या, "छान लिहिलंय. हे नको." त्याऐवजी त्यांनी आठ पानं काढली, एकाही शब्दाशिवाय. बेल दाबणं आणि दार उघडणं यांच्यामध्ये एक अख्खं पान नुसतं दाराचं होतं. त्या पानावर किती वेळ थांबायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. मला वाटतं, फक्त चित्रकादंबरीलाच जमतं असं काही असेल तर ते हेच. मी नंतर व्यासपीठांवर ते स्वतःचं म्हणून सांगत आलो.

त्या आठ पानांवर पाननंबरही घालायचा नाही, असं त्यांनी प्रेसमध्ये सांगितलं. नंबर म्हणजे कोपऱ्यात कोणीतरी बोलत बसल्यासारखं वाटतं, म्हणाल्या.

"अहो मॅडम, नंबर नसला तर पानं लावणाऱ्याला कळायचं कसं?" प्रेसवाल्यांनी विचारलं.

"गोष्ट बघून."

पानं लावणाऱ्याने गोष्ट बघितली नाही. चौथं आणि सहावं पान यांची अदलाबदल झाली. सगळ्या प्रतींमध्ये म्हातारी आधी दार उघडते आणि मग तो बेल दाबतो.

आम्ही शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्या पुस्तकांत घालायच्या आधीच एका समीक्षकांनी परीक्षण लिहिलं. त्या दोन पानांनी मराठी विज्ञानकथेत काळाची कल्पनाच उलटीपालटी केली आहे, असा एकूण सूर होता. श्रेय त्यांनी मला दिलं होतं. मी बाईंना फोन करून म्हटलं, चिठ्ठ्या जरा थांबवू. त्या म्हणाल्या, "किती जरा?" तो गठ्ठा अजून माझ्या वारज्याच्या घरात, माळ्यावर आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या पुस्तकावर वेबमालिका करायचं ठरलं, तेव्हा बाईंच्या डोळ्यांचं निम्मं काम संपलं होतं. नजरेचा मधला भाग गेला होता, कडा शिल्लक होत्या. मी कात्रजला त्यांच्याकडे जायचो तेव्हा त्या माझ्या कानाकडे बघून बोलायच्या, कारण तसं बघितलं तरच तोंड थोडं दिसायचं. छापलेलं काही दिसत नव्हतं. भिंगाने एकेक अक्षर कळायचं, पण चित्र भिंगाने बघता येत नाही. नुसत्या रेघा दिसतात. स्वतःचं पुस्तक त्यांनी कपाटात उलटं ठेवून दिलं होतं, नाव छापलेली कड आत.

मी मालिकेची बातमी थट्टेने सांगितली. आता मीटरवाल्याला प्रेयसी मिळणार, म्हातारीला मेकअप. त्या हसल्या नाहीत.

"थिएटरात दाखवणार आहेत का?"

"एकदा. आमंत्रितांना."

"पडदा केवढा असतो हो?"

मी हाताने दाखवलं. मग कळलं की त्यांना हात दिसत नाहीये, म्हणून सांगितलं, तुमच्या इमारतीच्या दोन मजल्यांएवढा.

"म्हणजे मला दिसेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेवढं क्रमाचं सांगा त्यांना. एकदा सरळ बघू दे."

दिग्दर्शिकेबरोबरच्या बैठकीच्या दिवशी बाईंना डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं, म्हणून मी एकटाच गेलो. बैठक हिंजवडीला होती. वारज्याहून जाताना मंगळ जवळ वाटावा इतका वेळ लागला. दिग्दर्शिका पस्तिशीची, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून आलेली. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण तिच्या प्रतीची पानं कोपऱ्यांवर मऊ पडलेली होती. अशा माणसाशी भांडता येत नाही.

"सर, मी कंपनीच्या बसमध्ये वाचली होती ही. त्या दोन पानांना मी इतकी अडकले, की माझा स्टॉप गेला. तो बेल दाबायच्या आधीच ती दार उघडते! म्हणजे तिला माहितीये ना, सर, की कोणीतरी येणार? ती रोज उघडत असणार दार. माझ्यासाठी पूर्ण सिरीज म्हणजे हा एकच सीन आहे. बाकी सगळं प्रोड्युसर बदलतील, पण हा मी फ्रेम टू फ्रेम ठेवणार. प्रॉमिस."

इथे बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी "हं" म्हणालो.

त्या "हं"मध्ये काय काय होतं ते मी पुष्कळदा तपासलं आहे. तिचा हिरमोड होऊ नये, हे थोडंसं होतं. बाकीचं ते परीक्षण होतं. परत येताना बाईंचा फोन आला. सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सांगितलं.

खेळ एका शनिवारी दुपारी झाला. आधी दीपप्रज्वलन. एसीमुळे ज्योत टिकेना, तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी समईभोवती हातांचा आडोसा केला आणि बाकीच्यांनी त्यांच्या हातांभोवती. मग एका वक्त्यांनी पडदा साहित्याला न्याय देतो का यावर वीस मिनिटं भाषण केलं. त्यातली तीन वाक्यं माझी होती. आम्हा दोघांना शाल दिली. बाईंना आम्ही पहिल्या रांगेत, अगदी डाव्या कडेला बसवलं होतं. तिथून पडदा तिरका दिसतो आणि त्यांना तसाच हवा होता.

मालिका आम्हाला अपेक्षित होती तशीच होती. मीटरवाल्याला प्रेयसी होती. म्हातारी पंचेचाळिशीची होती आणि तिची कातडी माझ्या सुनेपेक्षा नितळ होती. मंगळ मला ओळखीचा वाटला. आमच्या सोसायटीमागची टेकडी बिल्डरने फोडली आहे, तिथे तो होता. जिथे पुस्तकात शांतता होती तिथे बासरी होती. बाई मान वळवून, पडद्याकडे कान केल्यासारख्या बसल्या होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "हा लाल कोणी निवडला?"

मग ते घर आलं. बासरी थांबली. दिग्दर्शिकेने शब्द पाळला होता. प्रत्येक चौकट बाईंची होती. मीटरची तिरपी सावली, उंबऱ्याचा झिजलेला कोपरा, सगळं. बाई पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आल्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं त्या पानं मोजत होत्या.

कडी निघाल्याचा आवाज झाला. दार करकरलं. मग पुष्कळ वेळाने बेल वाजली.

खोटं कशाला सांगू, दृश्य चांगलं होतं. मागे कोणीतरी नाक ओढलं.

बाई तशाच पुढे बघत म्हणाल्या, "दार आधी उघडलं."

"हो."

"तुम्ही सांगितलं होतंत ना?"

"नाही."

त्या मागे टेकल्या. शालीची घडी नीट केली. "परिसंवादात इतकं थोडक्यात का नाही बोलत तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. ते दृश्य त्यांनी पुढे पाहिलं नाही, डोळे मिटून ऐकलं.

बाहेर दिग्दर्शिका धावत आली, त्यांच्या पाया पडली. "मॅम, कसं वाटलं? तुमचा सीन?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"दाराचा आवाज चांगला होता," बाई म्हणाल्या. "तसं दार मला काढता नाही आलं."

ती मुलगी रडली. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या आणि तो आधी हवेत गेला, मग खांदा सापडला.

पंधरा दिवस मी कात्रजला गेलो नाही. मग मूळ चित्रं प्रेसकडून शोधून आणली आणि फ्लेक्सवाल्याकडे देऊन एकेक पान दरवाज्याएवढं मोठं करून घेतलं. तो म्हणाला, "काका, वाढदिवसाचं आहे का? खाली शुभेच्छुक टाकायचे का?" आठही पानं घेऊन बाईंकडे गेलो. त्यांच्या हॉलमध्ये कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या बांधल्या आणि चिमट्यांनी पानं लावली, क्रमाने. मध्ये दोनदा पुस्तकाकडे बघून चुकलो.

बाई दोरीच्या कडेकडेने चालत गेल्या, प्रत्येक पानाला खांदा लावून, तिरक्या. चौथं पान, बेल. पाचवं, नुसतं दार. तिथे त्या इतका वेळ थांबल्या की गॅसवरचा चहा उतू गेला, आणि आम्ही दोघांनीही जाऊ दिला. मग सहावं.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"म्हातारीला सहा बोटं आहेत."

मी मोजली. सहा होती. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आली नव्हती. समीक्षकांच्याही नाही, हे नशीबच.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "क्रम तेवढा लावून घ्या."

मालिकेमुळे दुसरी आवृत्ती निघाली, मुखपृष्ठावर नितळ म्हातारीचा फोटो. या वेळी मी प्रेसमध्ये स्वतः उभा राहिलो आणि आठही पानं क्रमाने लावून घेतली. महिन्याभरात तीन वाचकांनी प्रकाशकांकडे तक्रार केली, की आपल्या प्रतीतली दोन पानं मालिकेशी जुळत नाहीत, बांधणीत चूक झालेली दिसते. प्रकाशकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांना पहिल्या आवृत्तीच्या प्रती बदलून दिल्या.