अरविंदरावांची कात्री

आमचे साडू अरविंदराव कुणाच्याही घरी गेले, की चपला काढत आणि थेट संगणकापाशी जाऊन ‘यूमास्क’ असं टाइप करत; मग नव्या फायलींवर कुणाचे कोणते हक्क कापले जातात, तो आकडा दिसे. माणसं आधी तब्येत विचारतात. हे मास्क विचारत. आमच्याकडे आले, की मी चहा करायला आत जाई. कारण तोवर आमची लेक जुई "काका, हे बघा ना!" करत त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेली असे. माझ्या शेजारी तिनं शेवटची खुर्ची ओढली ती दहावीच्या भूमितीसाठी. माझं उत्तर चुकलं होतं.

तिच्या लग्नाचे फोटो सगळ्यांना एकत्र ठेवता यावेत म्हणून अरविंदरावांनी आमच्या बिबवेवाडीच्या घरी लिनक्सचं एक मशीन बसवलं आणि घरातल्या सर्वांचा एक गट केला. त्यांच्याआधी आपण काहीतरी करून दाखवावं, म्हणून मी घाईनं ‘लग्न’ नावाची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, उघडून ठेवली. जुईला आतले फोटो दिसत, पण स्वतःचा एकही ठेवता येईना. मी शोधून काढलं: माझा मास्क ०२२. त्यातला मधला दोन गटाचा लिहिण्याचा हक्क कापतो. मी ००२ केला आणि ऐटीत म्हणालो, "ठेव आता!"

"बाबा, अजून नाहीच म्हणतंय." जरा थांबून, "काकांना बोलावू?"

अरविंदराव विश्रांतवाडीहून आले, वाटेत मंडईतून पेरू घेऊन. "अहो, डिरेक्टरी काल जन्मली, मास्क आज बदललात. ही कात्री जन्मताना एकदाच चालते. नंतर काढून घेतली म्हणून कापलेलं परत उगवत नाही." मग त्यांनी एका ओळीत त्या डिरेक्टरीला गटाची परवानगी दिली. "जुन्याला आपल्या हातानं द्यायचं. नव्याचं मास्क बघेल."

जुईचे फोटो भराभर आत गेले. ती काकांकडे बघत होती. पेरू गोड निघाले, तेही मला खुपलं.

पुढे अरविंदराव मुलाकडे बंगळूरला कायमचे राहायला गेले. निघताना म्हणाले, "मशीन आता तुमच्या ताब्यात." मी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला.

परवा जावयांनी मशीनवर बारशाची डिरेक्टरी केली, आणि जुईला तिच्यात फोटो ठेवता येईना. तिनं या वेळी मला हाक मारली. मला! मी खुर्ची ओढून बसलो आणि जावयांना म्हणालो, "अहो, मास्क कधी काही देत नाही, फक्त कापतो. पुढच्यासाठी तो बदला, आणि ही जन्मलीय तिला हातानं द्या."

जावयांनी तसं केलं आणि फोटो आत गेला. जुई टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा! अगदी काकांसारखं समजावलंस!"

मी चहा करायला आत गेलो.