बघायला आलेला पाहुणा

झरीजवळ तळ्याकाठी आमचं घर आहे. यंदा थंडीत एक परका माणूस दारात आला नि म्हणाला, "मावशी, बघायला आलोय. दोन दिवस राहायला जागा मिळेल का?"

नातीचं तोंड उतरलं. तिला नर्स व्हायचं होतं, बाप मात्र स्थळं हुडकत होता. मी दारातच सुनावलं, "पोरगी शिकायलीय. दाखवायची न्हाई."

त्यानं घाईघाईनं पिशवीतून दुर्बीण काढली. "पक्षी बघायला आलोय, मावशी!"

माझा जीव भांड्यात पडला. नात तर हसून हसून खाली बसली.

तो बदकं हनुवटीनंच दाखवायचा. म्हणायचा, "बोट केलं की बिचकतात." दोन्ही दिवस आमच्याकडं पाठ करून तळ्याकडं बसला. बघायला येऊन पोरीकडं मान न वळवणारा पाहुणा तो पहिलाच.