आवक आहे, जावक नाही

अर्जातला तिसरा प्रश्न मी दोनदा वाचला. ‘सदर यान शासनाने कोठे ठेवले आहे व त्यातील तंत्रज्ञानाचा वापर कोणत्या खात्याने केला, याची माहिती मिळावी.’

अर्जदार समोरच बसले होते. विश्वनाथ ढवळे, विजेच्या कंपनीतून रिटायर झालेले लाइनमन. मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात नायब तहसीलदार होते. माहितीच्या अधिकारातले अर्ज माझ्याकडे यायचे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सातबारा, रेशनकार्ड, पीकविमा, सगळं विचारून झालं होतं. यान पहिल्यांदाच.

“ढवळे, यान म्हणजे नक्की काय?”

“उडती तबकडी म्हना. आमच्या कापसाच्या रानात पडली. मी तवा नोकरीला लातूरला. माझ्या मायनं डोळ्यानं बघितली. दुसऱ्या दिवशी तलाठी आला, तहसीलची जीप आली, उचलून नेली. तवापासून सरकार गप हाय. अमेरिकेत बी असंच. त्यांच्या गोदामात अख्खी यानं हायेत, मोबाईलवर समदं दाखवायलेत. तुमी लोकं लपवायलात, मॅडम.”

मला हसू येणार होतं. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. तलाठ्याची पावती. ‘शेतात आकाशातून पडलेली एक काळी जड वस्तू ताब्यात घेतली.’ खाली सही, शिक्का.

“गावानं माझ्या मायला खुळ्यात काढलं,” ढवळे आवाज खाली आणून म्हणाले. “चांदणीवाली गयाबाई म्हनत्यात तिला. तीस वरसं झाली. आता ती पंच्याऐंशीची हाय. तिचं खरं होतं, एवढं तरी लिहून द्या.”

मी अर्ज घेऊन तहसीलदार साहेबांकडे गेले. साहेब तरुण होते, हुशार होते आणि कायम घाईत असत.

“‘निरंक’ कळवा,” ते म्हणाले. निरंक म्हणजे आमच्याकडे काही नाही. या एका शब्दावर आमच्या खात्याच्या कितीतरी फायली बंद होतात.

“सर, पावतीवर आपल्याच तलाठ्याची सही आहे.”

“इतके जुने कागद नष्ट झाले असतील.”

“कागद नष्ट करतात, सर. वस्तूचं काय?”

साहेबांनी मान वर केली. “बघा मग. पण मुदतीच्या आत.”

आमचे रेकॉर्ड कीपर खाजाभाई. सरकारी कार्यालयात दोन रजिस्टरं असतात. बाहेरून जे येतं त्याची नोंद आवकमध्ये, जे बाहेर जातं त्याची जावकमध्ये. आम्ही दोघं तीन दिवस जुनी रजिस्टरं उलटत बसलो. निम्म्यांना वाळवी लागलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी आवकमध्ये नोंद सापडली. ‘काळी जड वस्तू, एक नग.’ मग जावक काढलं. पुढची दोन वर्षं ओळ न ओळ वाचली. काही नाही.

खाजाभाईंनी चष्मा काढला. “मॅडम, आवक आहे, जावक नाही. म्हणजे ती चीज इथून गेलीच नाही.”

आम्ही दोघांनी एकदमच आजूबाजूला पाहिलं. भर दुपार होती, बाहेर लोकांची गर्दी होती, तरी माझ्या अंगावर काटा आला.

मग शोध सुरू झाला. कपाटं, माळे, मोडक्या खुर्च्यांचा ढीग, जनगणनेची जुनी पोती. आठवडा गेला. शेवटी निवडणुकीच्या सामानाची खोली राहिली. मतदान यंत्रं आल्यापासून लोखंडी मतपेट्या तिथं एकावर एक पडून होत्या. शिपाई एकेका हातानं एकेक पेटी खाली काढत होता. एका पेटीला हात घातला, ती जागची हलेना.

“मॅडम, ही रिकामी न्हाई.”

पेटीला लाखेचं सील होतं. मी ती उघडली नाही. सीलबंद वस्तू पंचांसमोर उघडायची असते. दोन पंच बोलावले, ढवळ्यांना आईसकट बोलावलं आणि नांदेडहून भूशास्त्राचे एक प्राध्यापक.

गयाबाई अगदी लहानखुऱ्या, नऊवारीतल्या. खुर्ची दिली तरी बसेनात. सील तोडलं, पोत्याचं कापड सोडलं. आत मोठ्या पपईएवढा काळा दगड. मळलेल्या पिठावर अंगठे दाबावेत तशा त्याच्यावर खळग्या. प्राध्यापकांनी खिशातून लोहचुंबक काढून जवळ नेलं. ते टक्कन चिकटलं.

ढवळे वाकून दगड सगळ्या बाजूंनी न्याहाळत होते. “ह्याला जोड कुठं हाय? स्क्रू?”

“हे कुणी बनवलेलं नाही. हा उल्कापाषाण आहे.”

ढवळ्यांचा चेहरा पडला. प्राध्यापक गयाबाईंकडे वळले.

“आजी, तुम्ही तेव्हा हात लावला होता?”

“लावला की. आधी ढगावानी गडगडलं, मग शिट्टीवानी आवाज आला न् धप्पकन पडलं. मी पळत गेले.”

“भाजलं नाही?”

“न्हाई बाबा. समदी म्हनायची, आभाळातून पडलं म्हंजी इस्तवच असंल. पन गार व्हता. सावलीतल्या दगडावानी.”

प्राध्यापक आमच्याकडे वळून म्हणाले, “या बाईंनी खरंच हात लावलाय. वरचा थर जळतो, पण तो वाटेतच उडून जातो. आतला दगड अवकाशातला, थंडगार. मनानं रचून सांगणारा हमखास ‘तापलेला होता’ म्हणतो.”

गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ढवळे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“किती जुना असेल?” साहेबांचा आवाज. ते दारात कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. हातात फोन होता, पण त्यावर कुणीतरी बोलत होतं आणि साहेब ऐकत नव्हते.

“आपली पृथ्वी घडत होती, तेव्हाचा. आपली काळी माती नव्हती, गोदावरी नव्हती. तेव्हापासून हा सूर्याभोवती फिरत होता. आणि मग यांच्या कापसात पडला.”

“सुभानल्ला,” खाजाभाई पुटपुटले.

“मी हात लावू का?” साहेबांनी विचारलं. आपल्याच ऑफिसात परवानगी मागताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

गयाबाईंनी दोन्ही तळवे टेकवले. मग मी. अठ्ठावीस वर्षं मी जमिनीची कामं केली. बांध, वाटण्या, वारस, अतिवृष्टीचे पंचनामे. सगळं या मातीवरचं. हाताखालची ही एकच वस्तू या मातीची नव्हती. हात काढावासा वाटेना.

ढवळे सगळ्यात शेवटी आले. “यान न्हाई... पन आला तर तिकडूनच ना?”

“तिकडूनच,” प्राध्यापक म्हणाले.

मी उत्तर लिहिलं. वस्तू या कार्यालयाच्या ताब्यात आहे. ती पृथ्वीवरील नाही. तिसऱ्या प्रश्नापुढे मात्र ‘निरंक’. साहेबांनी वाचून विचारलं, “हे लेखी द्यायचं?” मी म्हटलं, “खरं आहे, सर.” ढवळ्यांनी ते उत्तर गावातल्या पारावर उभं राहून मोठ्यानं वाचलं, असं तलाठ्यानं सांगितलं. दगड केंद्र सरकारच्या संबंधित खात्याकडे रवाना झाला. जावक क्रमांक मी स्वतः घातला.

पेटीच्या तळाशी तेव्हाचं पत्रही मिळालं होतं. त्याच खात्याला लिहिलेलं, टाइप केलेलं, फक्त सहीचं राहिलेलं. त्या आठवड्यात त्या वेळच्या तहसीलदारांची बदली झाली होती.

लोक मला अजून विचारतात, सरकार अशा वस्तू खरंच लपवून ठेवतं का? मी सांगते, लपवायची तर ती कुठं ठेवलीय हे आधी माहीत असावं लागतं.