खाणीतली तापलेली भिंत

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. या सदरातल्या बहुतेक पत्रांची सुरुवात अशीच असते, ते मी वाचते. फरक एवढाच, की मी शेवटीही हेच म्हणणार आहे. मी सुईणकाम शिकलेली बाई. अमावास्या-पौर्णिमा न बघता डोंगरातल्या पाड्यांवर एकटी बाळंतपणं करून आले आहे. वाटेत मला कधी काही दिसलं नाही. भेटले ते विंचू.

अक्कलकुव्याहून काठीच्या बाजूला चढत गेलं की एका ओढ्याच्या वरच्या अंगाला जुनी खाण आहे. पाड्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. एका कंपनीनं ती खाण उपसून पाहायचं ठरवलं आणि आमचे हे तिथे मुकादम म्हणून लागले. आम्ही तापीकाठचे, कापूस-केळीवाले. डोंगरातली नोकरी म्हणजे घरच्यांना खूळच वाटलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, चांदीचे तोडे घालूनच परत ये. मी म्हटलं, तुमच्या मापाचेही आणते.

कंपनीचे एक तरुण भूगर्भतज्ज्ञ साहेब होते. बोलायला कुणी नसलं की ते माझ्या चुलीपाशी येऊन बसत आणि चहाबरोबर खडक समजावून सांगत. सगळा सातपुडा म्हणजे थिजलेला लाव्हा, त्या काळ्या दगडात शिसं सापडायचं नाही. पण इथे ओढ्यानं काळा दगड कापत नेऊन खालचा फार जुना चुनखडक उघडा पाडला होता. त्यात पांढरी शीर, शिरेत शिशाचा चकचकीत, जड दगड, आणि त्या शिशात कणभर चांदी. जुने लोक ते शिसं भट्टीत जाळून काढत, तळाशी चांदी उरे. उताराला त्या भट्ट्यांच्या मळीचे काळे ढीग होते. त्यांच्यावर गवतसुद्धा उगवत नव्हतं, आणि पाड्यावरची माणसं तिथे शेळ्या जाऊ देत नसत.

सुरुंगाची दारू नसताना खडक फोडला कसा, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, आगीनं. भिंतीला लाकडं रचून पेटवायची, दगड लाल तापू द्यायचा आणि त्यावर पाणी ओतायचं. तडतड फुटतो. आत छताला जुनी काजळी होती ती त्याचीच. चारशे वर्षांपूर्वीची म्हणा नाहीतर आठशे, कुणाची खाण होती ते कुठे लिहिलेलं नाही.

उन्हाळ्यात खाणीवरच्या माणसांनी दगडमातीनं बुजलेलं एक भगदाड मोकळं केलं. पलीकडे आणखी एक बोगदा निघाला, सरळ, आखूड, पुढे बंद. साहेब तेव्हा धुळ्याला गेले होते. त्याच दिवशी हे आत जाऊन बघून आले, भिंतीतल्या एका कोनाड्यात मेणबत्त्यांचा पुडा ठेवून आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माणसं ओढ्यावर गेली असताना हे पुन्हा आत गेले. मी खाणीच्या तोंडापाशी सावलीत तांदूळ निवडत होते.

आतून आवाज आला. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यावर येतो तोच... चर्रर्र. आत पाणी न्यायला कुणी नव्हतं. ह्यांच्या हातात फक्त कंदील होता. मागोमाग बंदुकीसारखा एक कडाका, आणि ह्यांची किंकाळी.

मी आत धावले. ह्यांच्या उजव्या पायावर दगडाची लादी पडली होती. दोन्ही हात असे पुढे धरलेले, तळव्यांची कातडी सुटलेली.

"भीत तापेल शे," हे म्हणाले. "तू सोता हात लायी देख."

मी लावला. भाजायचंच बाकी होतं. चुलीवरून उतरवून जरा वेळ झालेला तवा जसा लागतो तशी ती भिंत लागत होती. अंगावर वाफ येत होती. खाली राख नाही, निखारा नाही, धुराचा वास नाही. कोनाड्यातल्या मेणबत्त्या वितळून एकच गोळा झाला होता.

माझ्या हाकांनी माणसं धावत आली. त्यांनी लादी उचलली, ह्यांना बाहेर काढलं. सगळे घाबरले होते. त्यांचा म्होरक्या वेस्ता बाटली घेऊन आला. अशा वेळी तिथले लोक देवाला मोहाच्या दारूची धार सोडतात. त्यानं ती खाणीच्या तोंडाशी सोडली आणि ह्यांच्या अंगावरही शिंपडली. मी पाय बांधत होते. अडवायचं सुचलं नाही, आणि त्यात वाईट काही वाटलंही नाही. तो बिचारा ह्यांच्या जिवासाठीच करत होता.

अक्कलकुव्याला नेईपर्यंत ह्यांच्या सदऱ्याला दारूचा वास होता. कंपनीच्या अधिकाऱ्याला तेवढंच पुरलं. मुकादम नशेत चुलीत पडला, हात भाजले, तसाच आत गेला आणि दरड पडली... असं त्यांनी ठरवलं.

"मी पेयेल नही शे," हे पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, साहेब, चूल माझी होती. तिच्यात माणूस पडला असता तर मला कळलं नसतं का? वेस्तानं दारूची खरी हकिगत सांगितली. ती कुणी ऐकून घेतली नाही. मेणाचा गोळा दाखवला, तर म्हणाले, बाई, हे घरीही वितळवता येतं.

भूगर्भतज्ज्ञ साहेब परत आल्यावर खाणीत गेले. भिंत गार होती, ओलसर. शिशाच्या दगडात गंधक असतं, काही गंधकी खनिजं हवा लागली की तापतात, असं ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, पण इतकी नाही, एका दिवसात नाही. आणि ते पाणी, मी विचारलं. त्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. खोटं बोलले नाहीत, एवढंच. वर मात्र त्यांनीही काही कळवलं नाही.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनीनं खाण सोडली, शिसं परवडण्याइतकं निघालं नाही. आम्ही गावी परतलो. पारावर टवाळी ठरलेली: "चांदी आनाले ग्या व्हता, हात शेकीसन उना." हे चिडायचे, मला हाक मारायचे, म्हणायचे, सांग यासले. मी सांगायची. लोक मान हलवायचे आणि मी पाठ वळवली की हसायचे. नवऱ्याची बाजू बायको घेणारच, यात त्यांना नवल ते काय?

मागच्या साली हे गेले. जन्मात कधी दारूला शिवले नव्हते. तेराव्याला आलेल्या एकानं माझ्या तोंडावर सांगितलं, त्या खाणीनं दारू सोडवली, तेवढं एक बरं झालं. मी त्याला वाढत होते. वाढून झालं आणि पुढच्या पानाकडे गेले.

मेणाचा गोळा अजून माझ्या पेटीत आहे. उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि भुतांवर माझा विश्वास नाही. पण आत कुणी नव्हतं म्हणावं, तर माझा नवरा दारुडा ठरतो. तो दारुडा नव्हता म्हणावं, तर त्या भिंतीवर पाणी कुणी ओतलं ते मला सांगावं लागतं. ते मला सांगता येत नाही. भिंत गरम होती एवढं मात्र सांगते. मी हात लावला होता.