पराट्यांचा ढीग आणि एक सुपारी

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, पराट्यांचा जेवढा मान राखला तेवढा साऱ्या मंगरूळपीर तालुक्यात कोणी देवाचाही राखला नसेल. कपाशी निघाली की चुलीसाठी आणलेल्या पराट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, ते लांबीप्रमाणे रचायचे. मधलीच एखादी मी ओढली, की अख्खा ढीग मोडून पुन्हा रचणार. तोवर चूल उपाशी आणि आम्हीही. ताटात वरण भाजीला लागलं की ताट सोडून उठायचे. शेलूबाजारात कोणी खांद्यावर हात टाकला, की घरी येऊन अंघोळ. लग्नाचं तर नावच नको. बोलणं म्हणाल तर महिन्याकाठी चार शब्द, त्यातले दोन बैलाशी.

माझा बाळू चार वर्षांचा झाला तरी बोलेना. हात लावला की किंचाळायचा, दिवसभर चिंचोके ओळीत मांडायचा. सासूबाईंचं एकच म्हणणं, तो पोटात असताना मी ग्रहणात भेंडी चिरली. नव्हती हो चिरली! पण रोज ऐकलं की आपल्याच हातांवर विश्वास राहत नाही. मला स्वप्नातही विळी दिसायची. दुष्काळ सरला त्या साली सासूबाईंनी माझ्या बापाला कारंज्याहून बोलावलं. माझं गाठोडं बांधून ओसरीवर ठेवलेलं.

"व्याही, लेक न्या अन् ते मुकं बी न्या. आमी पोरासाठी दुसरी पाहून राह्यलो."

बाप हात जोडून उभा, नवरा मान खाली घालून. तेवढ्यात बाळूने ढिगाजवळची एक पराटी उचलली. आता भासरे उठणार! बाळूने ती डोळ्यांनी जोखली आणि बरोबर तिच्या जागी खोचली. भासरे बघतच राहिले.

"पोरगं माह्यावर गेलं," ते म्हणाले.

"गप रे तू! इनं ग्रहनात चिरलं," सासूबाई कडाडल्या.

"अन् माह्या टायमाले, माय? तवा तू काय चिरलं होतं?"

सासूबाई उठून आत गेल्या. गाठोडं मीच सोडलं.

आठेक दिवसांनी भाकरी थापताना त्या हळूच म्हणाल्या, "एक सुपारी फोडली होती, बाई. एकच. कोणाले सांगू नको."

आता भासरे नाहीत, सासूबाईही नाहीत. पन्नाशीचा बाळू अजून ढीग रचतो. धाकट्या लेकीचा मुलगाही तसाच निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पुष्कळदा रक्तातूनच येतं, आईच्या हातून काही घडल्यामुळे नाही. मी ऐकलं आणि उठून घरी निघाले, सासूबाईंना सांगायला. फाटकापाशी आल्यावर आठवलं.