वाढत्या अंगाची कुंडी

शिंपीकाका लहान मुलांचे कपडे शिवताना दुमडीत चार बोटं कापड जास्तच ठेवायचे, वाढत्या अंगाचं म्हणून. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काकूंनी चालायची धास्ती घेतली आणि पलंग सोडेनात. त्यांना खिडकीबाहेर बघायला काहीतरी हवं, म्हणून काकांनी जमिनीत वाढणारं ऑर्किड आणलं. रोप वीतभर, पण पानांना परकरासारख्या चुण्या. सवयीने काकांनी ते घागरीएवढ्या कुंडीत लावलं आणि खिडकीबाहेर ठेवलं. रोप वाढेना, उलट पिवळं पडलं.

"अहो, झबल्याच्या वयात त्याला अंगरखा चढवलात!" काकांनी जाऊन विचारलं तेव्हा रोपवाटिकेतल्या बाई हसल्या. "एवढ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. हे दोन फूट होतं, पण आपल्या चालीने. जुन्याच्या कुशीतून नवा कोंब येतो, तो आधीच्यापेक्षा मोठा होतो. तोवर कुंडी बेताचीच द्या."

काकांनी रोप लहान कुंडीत हलवलं. पण कुंडी बुटकी, त्यामुळे आता पलंगावरून रोप दिसेना, याचीच त्यांना हळहळ.

एका सकाळी ते खिडकीतून ओरडले, "अगं, कोंब आला!"

"केवढा?"

"करंगळीएवढा."

"इथून काय दिसणार, कपाळ!"

असं म्हणत काकूंनी वॉकर ओढला. ज्यांना डॉक्टर विनवून थकले होते, त्या काकू पाऊल पाऊल टाकत खिडकीशी आल्या. देव कुणाच्या पायात कशाने बळ घालेल, सांगता येत नाही.

बाहेर वाकून त्या म्हणाल्या, "चांगला अंगठ्याएवढा आहे की! तुमचं माप कधीपासून चुकायला लागलं?"